रुंदीकरणात आधी जाते ती नक्षी

2025 च्या सुरुवातीला जुन्या हैदराबादेत मेट्रोसाठी दारुलशिफा ते शालीबंडा या रस्त्यावरची घरं पाडायला घेतली. जमिनीचा भाव चौरस यार्डाला 81 हजार रुपये ठरला. दर्शनी भिंतीवरच्या महिरपी, चुन्यातल्या वेली, सज्ज्याचे कठडे यांच्या नोंदीचं काय, हा प्रश्न उरलाच. रस्ता रुंद करताना घराचे पुढचे काही फूटच जातात, आणि नक्षी नेमकी तिथंच असते. मागचं घर उरतं, त्याला शटर लागतं, आणि कागदोपत्री इमारत शाबूत राहते. दर्शनी भागाचं मोल या शहराला कळत नव्हतं असं नाही. 1908 च्या मुसी नदीच्या पुरानंतर, 1912 मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झालं. त्याच्या काळात उभ्या राहिलेल्या पत्थरगट्टीत खाली दुकानं, वर राहती घरं आणि रस्त्याच्या बाजूला एकाच ठेवणीच्या दगडी कमानींची रांग आहे. घर ज्याचं त्याचं, पण दर्शनी भाग सगळ्या रस्त्याचा, हा विचार तिथं दगडात उतरला आहे. तीस-चाळीसच्या दशकांत गोलाई घेतलेले सज्जे आणि सिमेंटच्या आडव्या पट्ट्या आल्या. पुढची साठ वर्षं पाट्यांची आणि काचेची. त्यांबद्दल लिहावं असं फारसं नाही.

खरा घाव 2010 नंतरच्या दशकातला. सुलतान बाजार हे इथल्या मराठी माणसांचं जुनं ठिकाण. तिथून मेट्रो वळवण्याची घोषणा 2014 मध्ये झाली, पण मार्ग अखेर बाजारातूनच गेला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये गाडी धावली. दरम्यान, डिसेंबर 2015 मध्ये वारसा इमारतींना संरक्षण देणारा तेरावा विनियम सरकारने रद्द केला. 2017 मध्ये नवा वारसा कायदा आला. इर्रम मंझिल पाडण्याचा निर्णय 2019 मध्ये उच्च न्यायालयाने रोखला, हे मोठंच काम झालं. पण तो राजवाडा होता. राहत्या घरांच्या रांगेसाठी न्यायालयात कोण जाणार? मेट्रो हवी की नक्षी, असा प्रश्न यावर विचारला जातो. मेट्रो हवीच, जुन्या शहराने तिची फार वाट पाहिली. ही नक्षी सरंजामी काळाची खूण आहे, असंही म्हणतात. पण या भिंतींआड व्यापारी, कारकून, शिक्षक राहिले, आणि ती नक्षी गवंड्यांच्या हातची होती. मालकाला डागडुजी परवडत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच तो खर्च सरकारी पैशातून व्हायला हवा. शहरातल्या जुन्या मोअज्जम जाही मार्केटची दुरुस्ती तशीच झाली आणि ऑगस्ट 2020 मध्ये ते पुन्हा खुलं झालं. शालीबंड्याच्या रस्त्यावर उरलेल्या घरांपुढे हातोडा पोचण्याआधी निदान मोजपट्टी आणि कॅमेरा तरी पोचावा.