शाळेतले मास्तर, मैदानावरचे बँडमास्तर

‘मास्तर’ हा शब्द आमच्या घरात दोन प्रकारच्या माणसांसाठी वापरला जातो. एक शाळेतले मास्तर. ते समोरून येताना दिसले की माझे वडील आजही हातातली विडी पाठीमागे लपवतात. दुसरे बँडमास्तर. ते ट्रंपेट घेऊन वरातीपुढे चालतात आणि साऱ्या पंगती उठून गेल्यावर मांडवाच्या कडेला जेवायला बसतात. माझे वडील, म्हणजे आबा, गेली छत्तीस वर्षे दुसऱ्या प्रकारचे मास्तर आहेत. मी पहिल्या प्रकारचा मास्तर व्हावे म्हणून त्यांनी मला या महाविद्यालयात घातले. हे दोन्ही मास्तर एकाच माणसात असू शकतात असे कुणी मला सांगितले असते, तर मी हसलो असतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आबांना मोबाईलवर अमेरिकेतील एका वाद्यपथकाच्या सरावाचे चित्रण दाखवले. सत्तर-ऐंशी मुले-मुली मोकळ्या मैदानावर अर्धवर्तुळात उभी होती. प्रत्येकाच्या हातात चकचकीत पितळी वाद्य होते. मध्ये टोपी घातलेला एक माणूस उभा होता. पण वाजवत कुणीच नव्हते! तो माणूस नुसते आकडे मोजत होता आणि मुले श्वास घेत व सोडत होती. “वाजवायचं सोडून हे काय चाललंय?” आबांनी विचारले. मी म्हणालो, “आबा, हे तिकडच्या शाळेत संगीत शिकवणारे मास्तर आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत बँड शिकवतात.” आबांनी चित्रण पुन्हा लावायला सांगितले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते मित्रांसमोर आणि प्राध्यापकवर्गासमोर मांडतो.

या पथकांना तिकडे ‘ड्रम कोअर’ म्हणतात. आपल्या एन.सी.सी.मधला शेवटचा ‘सी’ तोच हा ‘कोअर’. शब्दावरून कूळ कळते, ते लष्करी आहे. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी आणि चर्चच्या मंडळांनी गावोगाव मुलांची अशी पथके उभी केली. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांना त्यात मज्जाव. फक्त पितळी वाद्ये आणि ताशे-ढोल, सोबत निशाणे फिरवणारी मुले. पितळी वाद्य म्हणजे बिगुल. साध्या बिगुलाला कळ नसते, म्हणून त्यातून सगळे स्वर निघत नाहीत. ओठ आवळत नेले की एकाच मूळ स्वराच्या पोटातले ठराविक स्वर तेवढे निघतात. षड्ज आणि पंचम सहज सापडतात, वर गेल्यावर गंधार भेटतो, मधल्या जागा मात्र रिकाम्या राहतात. पोलीस परेडला वाजतो तो बिगुल आठवा, म्हणजे कळेल.

शिकवणारेही त्याच मुशीतले असत. लष्करात बिगुल वाजवलेला कुणी, किंवा पथकातच मोठा झालेला आणि दिवसभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी मैदानावर येणारा कुणी. पुष्कळ मुलांना स्वरलेखन वाचता येत नसे. शिकवणारा ओळ वाजवून दाखवी, मुले कानाने उचलत, चुकली की पुन्हा. हे वाचताना मला आमच्या घराची ओसरी आठवली. नवे चित्रपटगीत आले की आबा ते दहा-बारा वेळा ऐकतात, मग आपल्या पोरांना एकेक तुकडा वाजवून दाखवतात. ‘धर’, ‘सोड’, ‘वर घे’ एवढीच त्यांची परिभाषा. आमच्या बँडमध्ये कागद कधी आला नाही.

१९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर या गावी या पथकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा नव्या संघटनेच्या झेंड्याखाली भरली. ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही ती संघटना पथकांनी स्वतःच उभी केली होती. तेव्हापासून नियम पथकांच्या हाती आले आणि वाद्य बदलत गेले. १९७७ मध्ये बिगुलाला दोन उभ्या कळा आल्या, १९९० मध्ये तीन, आणि २००० साली कोणत्याही पट्टीचे पितळी वाद्य चालेल असे ठरले. हा तपशील रुक्ष वाटेल, पण माझ्या मते गोष्टीचा कणा इथेच आहे. कळ नसलेला किंवा एका कळेचा बिगुल शिकवायला संगीताच्या पदवीची फारशी गरज नव्हती. तीन कळा आल्यावर सारे बारा स्वर हाती आले, रचना अवघड झाल्या, आणि शाळेच्या बँडमध्ये असते तेच वाद्य पथकातही आले. शाळा आणि पथक यांच्यामधली भिंतच पडली. त्या वाटेने शाळेतले मास्तर आधीही येत होतेच, आता ते मोठ्या संख्येने आले.

हे मास्तर कोण, तेही सांगायला हवे. अमेरिकेतील पुष्कळ सरकारी शाळांत बँड हा विषय असतो. गणित-भूगोलासारखा तो वेळापत्रकात असतो, त्याला गुणही मिळतात. मूल दहा-अकरा वर्षांचे झाले की वाद्य हाती घेते. मोठी आणि महाग वाद्ये बहुधा शाळाच देते. शिकवणाऱ्याला संगीतशिक्षणाची पदवी आणि राज्याचा परवाना लागतो. त्या पदवीत त्याला एकच वाद्य शिकून भागत नाही. तंतुवाद्य, फुंकवाद्य, तालवाद्य अशा प्रत्येक घराची तोंडओळख करून घ्यावी लागते. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत शाळेचे मैदानी बँड, नंतर सभागृहातील मैफली, आणि जूनमध्ये सुट्टी. पथकाचा मुख्य हंगाम नेमका जून ते ऑगस्टचा मध्य! म्हणजे शाळा आणि पथक या दोन पाळ्या एकमेकींत चपखल बसतात. हिवाळ्यात निवडचाचण्या आणि महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी शिबिर, मे अखेरीस मुक्कामी सराव, मग बसने गावोगाव. रात्री एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर अंथरूण, सकाळी मैदान, संध्याकाळी स्पर्धा. मास्तरही त्याच जमिनीवर झोपतात. एखाद्या लग्नसराईत आमचा बँड टेंपोतून असाच फिरत असे. डी.जे. आल्यापासून ते फिरणे निम्म्यावर आले, तो भाग वेगळा.

आता आबांच्या प्रश्नाकडे येतो. वाजवायचे सोडून श्वास कशाला?

मोठ्या पथकात दीडशेच्या आसपास मुले असतात आणि त्यांतली जवळजवळ निम्मी पितळी वाद्यांवर. त्यांना उभे राहून नव्हे, चालत वाजवायचे असते. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर दर पाच यार्डांना रेघ असते आणि एका रेघेपासून दुसरीपर्यंत साधारणतः आठ पावलांत पोचावे लागते. कधी पुढे, कधी पाठमोरे, कधी धावत. पाऊल आदळले की धक्का छातीपर्यंत जातो आणि सूर हलतो. म्हणून मास्तर आधी श्वास पक्का करून घेतात. सहा आकडे मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मग चारात, मग दोनात, शेवटी एका मात्रेत पोटभर श्वास. त्यानंतर नुसते माउथपीस हातात घेऊन ओठांचा गुंजारव. मग लांब स्वर. न्यूयॉर्क राज्यातील ईस्टमन संगीतविद्यालयात १९२२ पासून ट्रॉम्बोन शिकवणारे एमरी रेमिंग्टन यांच्या नावाने एक पाठ प्रसिद्ध आहे. एक स्वर धरायचा, अर्ध्या स्वराने खाली उतरून परत यायचे, मग पूर्ण स्वराने, मग दीड स्वराने, आणि दरवेळी आवाजाचा पोत तोच राहिला पाहिजे. आपल्या गवयांच्या खर्जाच्या रियाजाचाच हा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. मास्तर मुलांना वाद्य खाली ठेवून स्वर गायला लावतात. गळ्यात आला तरच तो ओठात येईल, अशी त्यांची समजूत आहे. तीन स्वर एकत्र वाजताना मधला गंधार ज्याच्याकडे असेल त्याने तो किंचित उतरता घ्यायचा. पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा, खाली. आपल्याकडे पेटीच्या गंधाराविषयी जाणकारांची जुनी तक्रार आहे ती हीच. सत्तर जणांत नेमका आपल्याकडे गंधार आहे हे मुलाला कळले पाहिजे, आणि ते कळायला शाळेत शिकलेले शास्त्र उपयोगी पडते. मोठ्याने वाजवणारा जो तो असतो, पण तळाच्या भल्यामोठ्या ट्यूबाचा आवाज ऐकून त्याच्यावर आपला आवाज ठेवणे शिकावे लागते.

आबांच्या वरच्या ओठावर माउथपीसच्या कडेचा गोल वण आहे. त्यांच्या उस्तादांनी त्यांना सांगितले होते, ‘वर जायचं तर दाब’. छत्तीस वर्षे ते दाबत आले. लग्नसराईच्या शेवटी ओठ सुजून जेवता येत नाही, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. तिकडचे मास्तर पहिल्याच दिवशी सांगतात की दाब कमी आणि हवा जास्त. एवढे एक वाक्य आमच्या ओसरीपर्यंत कुणी आणले नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि वाद्य शिकवीत, आणि तिथून तयार झालेले वादक मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदात मानाने बसले. आबा ज्यांची गाणी कानाने उचलत आले, त्यांत कितीतरी ठिकाणी ट्रंपेट वाजवणारा कागद वाचून वाजवत होता!

शाळा आणि पथक दोन्ही सांभाळणाऱ्या मास्तरांत मॅट हार्लोफ यांचे नाव ठळक आहे. इंडियानाच्या एव्हन गावातील हायस्कूलमध्ये ते दीर्घकाळ बँड शिकवीत आले आणि उन्हाळ्यात ‘कॅरोलायना क्राउन’ या पथकाच्या पितळी वाद्यांचे प्रमुख म्हणून उभे राहिले. एव्हनच्या शाळेने २००८, २००९ आणि २०१० अशी लागोपाठ तीन वर्षे शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि क्राउनने २०१३ साली पथकांची. उत्कृष्ट पितळी वादनासाठी दिले जाणारे पारितोषिक जिम ऑट यांच्या नावाने आहे. ते पथकांचे नामवंत शिक्षक आणि रचनाकार होते, १९८० मध्ये मोटार अपघातात वारले. शिकवणाऱ्याच्या नावाने बक्षीस असावे, याचे मला अप्रूप वाटले.

सारेच गोड आहे असे मात्र नाही. ओठ कोवळे असताना दिवसाचे दहा-बारा तास वाजवल्याने ते बिघडतात, असे म्हणणारे संगीतशिक्षक तिकडेही आहेत. शाळेतला बँड स्पर्धेच्या मागे लागला आणि गाणे मागे पडले, ही तक्रारही आहे. पण मला बोचली ती गोष्ट वेगळीच. १९७०च्या सुमारास अशी पथके शेकड्यांनी होती, आज मोठ्या स्पर्धेत उतरणारी काही डझनच उरली आहेत. सैनिकसंघटनांचा आधार सुटला, प्रवास महागला. वस्तीतल्या पोराच्या हाती फुकट बिगुल देऊन त्याला कानाने शिकवणारे पथक बहुतेक संपले. आज पथकात शिरायचे तर आधी चाचणी, आणि चाचणीला येणारा मुलगा पाच-सात वर्षे शाळेत वाद्य शिकून आलेला. वर एका उन्हाळ्याची फी काही हजार डॉलर. याला कारण एकटे मास्तर आहेत असे मी म्हणणार नाही. पण दर्जा वाढला तसा उंबरठाही वाढला, हे खरे आहे. १९५५ सालच्या पथकात माझ्या आबांना सहज जागा मिळाली असती. आजच्या पथकाच्या दारात त्यांच्यापुढे कागद ठेवतील.

एक मौज तेवढी सांगतो. मैदानावर उतरताना कुणाच्याही हातात कागद नसतो. अकरा-बारा मिनिटांचा सारा कार्यक्रम, पावलांसकट, पाठ असतो. कागद वाचायला शिकवायचे आणि मग तो काढून घ्यायचा, असा हा प्रकार आहे. आबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे शेवटी कानावरच आलं की!” मी म्हणालो, “होय, पण मधे कागद होता.” त्यावर ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात दात घासत होतो. आतून ट्रंपेटचा एकच स्वर आला, मधल्या पट्टीतला, हलका, न दाबलेला. मी मनात मोजू लागलो. बारा झाले, सोळा झाले. अठराव्याला सूर थरथरला आणि आबांना खोकला आला. आई म्हणाली, “लग्न नाही की काही नाही, सकाळी सकाळी हे काय?” आबांनी मला आत बोलावून विचारले, “ती पोरं किती मोजेपर्यंत धरतात रे?”