उंदराची मादी वेळेवर विते ती कशी

गुंजवणीच्या खोऱ्यात, मार्गासनीच्या आसपास भात निसवायला लागलं की खाचरांच्या बांधांवर ताज्या मातीचे ढिगारे दिसू लागतात. शेतातली लहान घूस बीळ कोरते, लोंब्या तोडून आत नेते आणि त्या साठ्यावर पिल्लं वाढवते. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा. शेतकरी झिंक फॉस्फाइडचं आमिष ठेवतो, बिळं बुजवतो. पण चार माद्या वाचल्या तरी बांध पुन्हा पोखरायला त्या पुरेशा असतात. इतक्या वेगाने चालणारी ही वीण चुकत कशी नाही, याचं उत्तर घुशीच्या जवळच्या नातलगाने, प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराने, विज्ञानाला दिलं आहे.

विण्याची वेळ ठरते ती संप्रेरकांच्या इशाऱ्यांवर. संप्रेरक रक्तात उतरलं की शरीरभर फिरतं. गावात दवंडी सगळीकडे ऐकू जाते, उठतो मात्र ज्याचं काम आहे तोच. तसं संप्रेरकाला दाद देतात त्या फक्त रिसेप्टर असलेल्या पेशी. रिसेप्टर म्हणजे एक प्रथिन, आणि ते कधी, कुठे, किती बनवायचं हे त्याचं जनुक किती जागं आहे यावर ठरतं. 1950च्या दशकात शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सर्गी खूण केलेलं इस्ट्रोजेन वयात न आलेल्या उंदराच्या माद्यांना टोचलं. स्नायूंतून ते लवकरच निघून गेलं. गर्भाशयाने मात्र ते तासन्‌तास धरून ठेवलं. रिसेप्टर असतात, याचा हा पहिला ठोस पुरावा.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती ऑक्सिटोसिनची गोष्ट. हे संप्रेरक गर्भाशय आकुंचित करतं आणि पान्हाही सोडवतं. मग मादी दिवस भरण्याआधीच का वीत नाही? कारण बहुतेक काळ तिच्या गर्भाशयाला ऑक्सिटोसिन जवळपास ऐकूच येत नसतं. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन शेवटच्या दोनेक दिवसांत घसरतं, इस्ट्रोजेन वरचढ होतं आणि गर्भाशयाच्या स्नायूत ऑक्सिटोसिन रिसेप्टरचं जनुक जोरात कामाला लागतं. रिसेप्टर कितीतरी पटींनी वाढतात. रक्तातलं ऑक्सिटोसिन फारसं न वाढताही कळा सुरू होऊ शकतात. पिल्लं बाहेर आली की हेच रिसेप्टर झपाट्याने ओसरतात. स्तनग्रंथींत मात्र ते गर्भारपणात हळूहळू वाढत आलेले असतात आणि पिल्लं पीत आहेत तोवर टिकतात. म्हणून पिल्लू लुचायला लागलं की पान्हा सुटतो, गर्भाशयात मात्र पुन्हा तशा कळा उठत नाहीत. एकाच मादीच्या अंगात, एकाच संप्रेरकासाठी, दोन अवयवांची दोन वेळापत्रकं!

इस्ट्रोजेन रिसेप्टरचं जनुक बंद केलेला उंदीर 1993 साली अमेरिकेत तयार झाला. असं पिल्लू गर्भातच मरेल असा अनेकांचा कयास होता. ते जगलं, वाढलं; पण नर काय, मादी काय, प्रजनन कोणालाच जमलं नाही. पुढे 1996मध्ये स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेत दुसरा इस्ट्रोजेन रिसेप्टर सापडला, तोही नर उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत. ‘बायकांचं संप्रेरक’ ही इस्ट्रोजेनची ओळख तिथेच अपुरी ठरली. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत याच धाग्यावर काम झालं आहे. एकेकच रिसेप्टर चेतवणारी द्रव्यं प्रौढ नर उंदरांना देऊन तिथल्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा शुक्राणू घडवण्यात अल्फा (आधीचा) आणि बीटा (नंतर सापडलेला) या दोन रिसेप्टरांच्या भूमिका वेगवेगळ्या दिसल्या. पुरुषांच्या वंध्यत्वावर आपल्याकडे अजून उघडपणे बोललं जात नाही; अशा वेळी ही मूलभूत माहिती किती मोलाची आहे, हे वेगळं सांगायला नको.

रिसेप्टरचं जनुक किती जागं राहील यावर आईच्या वागण्याचाही ठसा उमटतो. काही उंदीरमाता पिल्लांना सतत चाटतात, काही कमी. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या शँपेन, मीनी आणि सहकाऱ्यांनी 2006मध्ये दाखवलं, की कमी चाटलेल्या मादी पिल्लांच्या मेंदूत, मातृवर्तनाशी निगडित भागात, इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकावर त्याला दाबून ठेवणाऱ्या मिथाइलच्या रासायनिक खुणा जास्त असतात आणि रिसेप्टर कमी बनतो. मोठेपणी त्या आपल्या पिल्लांना कमीच चाटतात. हे रक्तातून आलं की संगोपनातून, हे पाहण्यासाठी त्यांनी जन्मल्या जन्मल्या पिल्लांची अदलाबदल केली. रिसेप्टरचं प्रमाण जुळलं ते वाढवणाऱ्या आईशी.