स्त्रीचे आरोग्य : विष किती आणि कोणत्या वयात?

शरीरात विष किती गेले याइतकेच ते कोणत्या वयात गेले, यालाही स्त्रीच्या आरोग्यात महत्त्व असते. गर्भावस्था, वयात येणे, गरोदरपण आणि रजोनिवृत्ती या काळांत संप्रेरके आणि पेशी झपाट्याने बदलतात, म्हणून तेव्हा झालेला परिणाम पुढे बराच काळ टिकतो.

शिशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. शरीराला ते कॅल्शियमसारखेच वाटते, त्यामुळे प्रौढांच्या शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे दशकानुदशके राहते. गरोदरपणी बाळासाठी कॅल्शियम काढताना हाडे झिजतात, तेव्हा ते पुन्हा रक्तात उतरते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वाढते, तेव्हाही हेच घडते. रक्तदाब आणि मूत्रपिंडे यांच्यावर त्याचा ताण येतो. देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली. त्याआधी नवी मुंबईतून जाणाऱ्या सायन-पनवेल महामार्गालगत वाढलेल्या मुली आता चाळिशी-पन्नाशीत, म्हणजे रजोनिवृत्तीच्या वयाजवळ आहेत.

डीडीटी या कीटकनाशकाची कथा वेगळी. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळात बाळंतिणींच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, डीडीटीचा वापर सुरू झाला तेव्हा ज्या १४ वर्षांच्या आत होत्या, त्यांच्यापैकी रक्तात डीडीटी जास्त असलेल्यांना पन्नाशीपूर्वी स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे पाचपट निघाला. त्याहून मोठ्या वयात संपर्क आलेल्यांत तो वाढलेला दिसला नाही.

नवी मुंबईत अशा विषारी संपर्काची काळजी अधिकच घ्यायला हवी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखानदारी १९६०च्या दशकातली, म्हणजे १९७० साली हे शहर वसवणारी सिडको स्थापन होण्याआधीची. पुढे तळोजाची औद्योगिक वसाहतही वाढली. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत नवी मुंबईचा समावेश केला. बाहेरील हवेचे प्रदूषण कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली जाहीर केले. काजळीचे कण वारेपर्यंत पोहोचतात, हे २०१९ साली बेल्जियममधील संशोधकांनी दाखवून दिले.

अशा शहरात स्त्रीचे बालपण कुठे गेले, तिने कोणत्या कारखान्यात काम केले, घरात चूल होती का, हे तपासणीच्या वेळी विचारले जायलाच हवे. गरोदरपणी पुरेसे कॅल्शियम मिळाल्यास हाडांतून सुटणारे शिसे कमी होते, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नयेत. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. महापालिकेने तिच्या मदतीने या पट्ट्यातील मुलींच्या आरोग्याची दीर्घकालीन नोंद ठेवायला हवी.