मधमाश्यांच्या शत्रूची ओळख कशी पटली?

जगभरातील मधमाश्यांच्या वसाहती उद्ध्वस्त करणारा एक माइट कित्येक दशके भलत्याच नावाने ओळखला जात होता. २००० साली ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी हा घोळ उघड केला आणि या जीवाला 'व्हरोआ डिस्ट्रक्टर' हे नवे नाव दिले. एखाद्या सूक्ष्म जीवाचे नाव बदलणे ही वरवर पाहता कागदोपत्री बाब वाटते. मात्र विलगीकरणाचे नियम, औषधोपचार आणि मधपाळांचे उत्पन्न या सर्व गोष्टी याच नावावर अवलंबून असतात.

माइट म्हणजे काय?

माइट हे कीटक नव्हेत. प्रौढ कीटकाला सहा पाय असतात, तर बहुतेक प्रौढ माइटना आठ. कोळी आणि विंचू हे त्यांचे नातलग असून आपले शेतकरीही त्यांना 'कोळी' म्हणूनच ओळखतात. भाजीपाल्यावरील लाल कोळी, नारळावर तपकिरी चट्टे पाडणारा कोळी, घरातील धुळीत राहणारे जीव आणि खरजेला कारणीभूत होणारा जीव हे सारे माइटच होत.

माइटच्या ५० हजारांहून अधिक प्रजातींना आतापर्यंत शास्त्रीय नावे मिळाली आहेत. प्रत्यक्षातील संख्या याच्या अनेक पटींनी मोठी असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. बहुतेक माइट एक मिलिमीटरपेक्षाही लहान असल्याने दोन प्रजातींमधील फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. व्हरोआच्या बाबतीत नेमके हेच घडले.

जावा बेटावरील पहिली नोंद

१९०४ साली डच शास्त्रज्ञ औडेमान्स यांनी जावा बेटावरील एका माइटचे वर्णन प्रसिद्ध केले. हा नमुना एडवर्ड जेकबसन यांनी आशियाई मधमाशीच्या पोळ्यातून मिळवला होता. संग्राहकाच्या सन्मानार्थ औडेमान्स यांनी त्याला 'व्हरोआ जेकबसोनी' असे नाव दिले. नावाचा पहिला भाग मधमाश्यांविषयी लिहिणाऱ्या व्हॅरो या प्राचीन रोमन विद्वानावरून घेण्यात आला.

आशियाई मधमाशी म्हणजे एपिस सेराना. महाराष्ट्रात तिला सातेरी म्हणतात. या माशीचे आणि व्हरोआचे वैर जुने असले, तरी त्यात एक समतोल आढळतो. माइटची मादी अळी असलेल्या घरात शिरते आणि घरावर झाकण चढल्यावर आत अंडी घालते. सातेरीच्या पोळ्यात तिचे प्रजनन मुख्यत्वे नर माश्यांच्या घरांपुरतेच मर्यादित राहते. नर थोडे आणि तेही काही काळच वाढवले जात असल्याने माइटची संख्या आवाक्यात राहते.

युरोपीय मधमाशी, अर्थात एपिस मेलिफेरा, पूर्व आशियात नेण्यात आल्यानंतर हे चित्र बदलले. विसाव्या शतकाच्या मध्यास माइटने या नव्या माशीवर बस्तान बसवले. मेलिफेराच्या पोळ्यात तो नरांबरोबरच कामकरी माश्यांच्या घरांतही वाढू लागला. या माइटमुळे पंख विकृत करणाऱ्या विषाणूचाही प्रसार होतो. उपचार न झाल्यास बहुतेक वसाहती काही वर्षांत नष्ट होतात. पेट्यांच्या आणि राणी माश्यांच्या व्यापाराबरोबर हा माइट युरोप व दक्षिण अमेरिकेत पोहोचला. १९८७ साली तो अमेरिकेत, १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये आणि २००० साली न्यूझीलंडमध्ये आढळला.

या संपूर्ण काळात संशोधकांच्या लेखी हा माइट 'व्हरोआ जेकबसोनी'च होता.

न उलगडणारे कोडे

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतील डेनिस अँडरसन यांना मात्र एक गोष्ट खटकत होती. इंडोनेशिया आणि पापुआ न्यू गिनी येथे मेलिफेराच्या पोळ्यांतही व्हरोआ सापडत असे. परंतु तेथे तो प्रजनन करत नसे. १९९४ साली त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. एकच प्रजाती एका देशात वसाहतींचा फडशा पाडते आणि दुसऱ्या देशात निरुपद्रवी ठरते, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अँडरसन आणि ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे जॉन ट्रूमन यांनी आशियाच्या विविध भागांतून माइट मिळवले. पेशीतील मायटोकॉन्ड्रियामध्ये असलेल्या एका जनुकाची त्यांनी तुलना केली. त्यात एकूण १८ आनुवंशिक प्रकार आढळले. त्यांपैकी नऊ प्रकार मलेशिया-इंडोनेशिया परिसरातील होते, तर सहा प्रकार आशियाच्या मुख्य भूमीशी निगडित होते. फिलिपिन्समधील तीन प्रकारांचे स्थान अनिर्णित ठेवण्यात आले.

जनुकांतील या फरकाला शरीररचनेचाही दुजोरा मिळाला. मुख्य भूमीवरील माइटची मादी आकाराने मोठी आणि अधिक रुंदट होती. जावामधील मादी तुलनेने लहान आणि गोलाकार होती. हे दोन स्वतंत्र गट आहेत, असा निष्कर्ष २००० साली जाहीर झाला.

नाव कोणाला मिळाले?

प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांनुसार जुने नाव मूळ नमुना ज्या प्रजातीचा आहे, तिच्याकडेच राहते. औडेमान्स यांचा नमुना जावामधील असल्याने 'जेकबसोनी' हे नाव तेथील माइटकडे राहिले. जगभर पसरलेला माइट त्यामुळे निनावी ठरला. त्याला 'डिस्ट्रक्टर', म्हणजे विनाशकर्ता, हे नाव देण्यात आले. मेलिफेराच्या वसाहतींचे जगभर नुकसान करणारे माइट त्याच्या कोरिया आणि जपान या दोनच आनुवंशिक प्रकारांचे असल्याचेही स्पष्ट झाले. परिणामी मेलिफेरावरील 'जेकबसोनी'विषयीचे तोपर्यंतचे बहुतांश शोधनिबंध प्रत्यक्षात डिस्ट्रक्टरविषयीचे ठरले.

नवी प्रजाती जाहीर करण्याची पद्धत आजही मूलतः तीच आहे. माइट अल्कोहोलमध्ये जतन केले जातात. त्यानंतर लॅक्टिक आम्लासारख्या द्रावणात ठेवून त्यांचे शरीर पारदर्शक केले जाते आणि काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जाते. पाठीवरील कवचाची ठेवण, मुखांगे, पाय आणि अंगावरील केसांची संख्या व जागा यांची नोंद होते. संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांशी तुलना करून आणि शक्य तेथे जनुकीय तपासणी करून मगच वर्णन प्रसिद्ध केले जाते. ज्यावर नाव आधारलेले असते, तो नमुना निश्चित करून तो सांभाळून ठेवावा लागतो. शंभर वर्षांनंतर वाद उद्भवल्यास निवाडा त्याच नमुन्याच्या आधारे करता येतो.

ओळख पटल्याचा लाभ

या वर्गीकरणाचे महत्त्व २००८ साली प्रकर्षाने जाणवले. पापुआ न्यू गिनीमध्ये मेलिफेराच्या पोळ्यांत माइटचे प्रजनन होत असल्याचे आढळले. तपासणीअंती हा डिस्ट्रक्टर नसून खरा जेकबसोनीच असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे आतापर्यंत निरुपद्रवी असलेल्या प्रजातीनेही नव्या माशीवर पाय रोवले होते. दोन्ही माइट एकाच नावाखाली राहिले असते, तर या नव्या धोक्याची दखल घेणे अवघड झाले असते.

शेजारच्या ऑस्ट्रेलियालाही या ओळखीचा उपयोग झाला. २०१६ साली टाउन्सव्हिल येथे आशियाई मधमाश्यांवर जेकबसोनी आढळला आणि त्याचे निर्मूलन करण्यात आले. जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदर परिसरात मात्र डिस्ट्रक्टर सापडला. तोपर्यंत ऑस्ट्रेलियात या माइटने ठाण मांडलेले नव्हते. मोठ्या प्रमाणावर पेट्या नष्ट करूनही त्याचा फैलाव थांबला नाही. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये निर्मूलनाची मोहीम सोडून देण्यात आली आणि माइटसह मधमाशीपालन करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले.

आग्या माशीवरील माइट

अशीच दुसरी घटना भारतीय उपखंडाशी अधिक निगडित आहे. आग्या मधमाशीवर 'ट्रोपिलेलॅप्स' नावाचे माइट आढळतात. १९६१ साली फिलिपिन्समधील नमुन्यांवरून त्यांतील एका प्रजातीला 'क्लारे' हे नाव देण्यात आले. पुढे आशियाभर हेच नाव रूढ झाले. २००७ साली अँडरसन आणि मॉर्गन यांनी दाखवून दिले की, क्लारे ही प्रजाती फिलिपिन्सच्या परिसरापुरती आहे. आशियाच्या मुख्य भूमीवर मेलिफेराचे नुकसान करणाऱ्या माइटला त्यांनी 'मर्सिडीसे' हे नवे नाव दिले. २०२४ साली कॉकेशस भागातील जॉर्जिया या देशातूनही त्याची नोंद झाल्याने युरोपात चिंता व्यक्त होत आहे.

मधपाळाच्या दृष्टीने हा फरक निव्वळ शास्त्रीय नाही. व्हरोआ रुंदट, खेकड्यासारखा दिसतो आणि प्रौढ माशीच्या अंगाला चिकटून दीर्घकाळ तग धरू शकतो. ट्रोपिलेलॅप्स लांबट व चपळ असतो, परंतु अळ्यांवाचून काही दिवसांतच मरतो. त्यामुळे पोळ्यातील अळ्यांची वाढ काही काळ थांबवणे हा ट्रोपिलेलॅप्सवर परिणामकारक उपाय ठरतो. व्हरोआसाठी तेवढ्याने भागत नाही. प्रौढ माश्यांवरील माइटसाठी फॉर्मिक किंवा ऑक्झॅलिक आम्लासारखे उपचार करावे लागतात.

भारतासाठी महत्त्व

भारतात आग्या, सातेरी आणि फुलोरी या स्थानिक माश्या आहेत. १९६०च्या दशकात पंजाब कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून मेलिफेराही येथे स्थिरावली. या सर्व माश्या एकाच परिसरातील फुलांवर वावरत असल्याने एकीवरील माइट दुसरीवर जाण्याची शक्यता कायम असते. फुलोरीवरही 'युव्हरोआ' नावाचा स्वतंत्र माइट आढळतो.

फुलोऱ्याच्या हंगामानुसार मेलिफेराच्या पेट्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्या जातात. महाबळेश्वर परिसरासारख्या भागांत सातेरीवर आधारित मधव्यवसाय टिकून आहे. अशा ठिकाणी पेटीत माइट आढळल्यास केवळ औषध टाकून न थांबता त्याचे नमुने अल्कोहोलमध्ये जतन करून जाणकार संस्थेकडे पाठवणे हितावह ठरते. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. माइट कोणता, हे निश्चित झाल्यावरच त्यावर कोणता उपचार करावा आणि पेट्यांची ने-आण कोठे रोखावी, हे ठरवता येते.