वऱ्हाडचे युवराज, मुक्काम हैदराबाद
मेहकर तालुक्यातले जानेफळ हे गाव ज्या वऱ्हाडात येते, त्यालाही एक युवराज होते. राहायचे मात्र हैदराबादला. १९०२ मध्ये निजामाने वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाड इंग्रजांना कायमचे लावून दिले. १९३६ च्या करारात निजामाची मालकी कागदोपत्री मान्य झाली आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. जानेफळचा शेतसारा जायचा मेहकर तहसिलीत, इंग्रजांच्या खात्यावर. युवराजांच्या वाट्याला नुसते नाव! शिवाय किताब म्हणजे गादी नव्हे. हा किताब मिळालेले थोरले चिरंजीव आझम जाह यांना डावलून निजाम मीर उस्मान अली खान यांनी नातू मुकर्रम जाह यांना वारस नेमले, आणि १९६७ मध्ये तेच गादीवर आले. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे, दोन्ही बंद झाले.