खिडकीतील टोमॅटो : हिवाळ्यातील घरगुती लागवड

आपल्या राज्यातील फार मोठी लोकसंख्या आज शहरांत, चाळींत व बहुमजली इमारतींतील सदनिकांत राहते. अंगण नाही, परसू नाही. मग भाजीचे एखादे रोप लावावे तरी कोठे, असा प्रश्न अनेक कुटुंबांना पडतो. वास्तविक टोमॅटोच्या ठेंगण्या वाणाला वीतभर जागा पुरते. त्याला खरी गरज असते ती उन्हाची. थंड देशांतील घरे हिवाळ्यात उन्हाला पारखी होतात; आपल्याकडे मात्र दक्षिणाभिमुख खिडकीतून ऊन घरात शिरते ते नेमके याच ऋतूत.

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर वसलेली आहे. जून महिन्यात मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन येत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र तोच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ४७ ते ४८ अंशांपलीकडे चढत नाही आणि त्याचे तिरपे किरण खोलीतील फरशीपर्यंत पोहोचतात. समोर दुसरी इमारत आड येत नसेल, तर अशा खिडकीत रोपाला आवश्यक असलेले सहा तासांचे ऊन सहज लाभते. पूर्वेची खिडकी त्याखालोखाल उपयुक्त. उत्तरेच्या खिडकीवर विसंबू नये.

वाणाची निवड

शेतात लावले जाणारे उंच वाढीचे वाण कुंडीसाठी घेऊ नयेत. त्यांना आधार, मोकळी हवा आणि मुळांसाठी भरपूर माती लागते. घरासाठी ठेंगणे, मर्यादित वाढीचे वाण निवडावेत. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ साली प्रसारित केलेला ‘मायक्रो-टॉम’ हा वाण जेमतेम १५ ते २० सेंटिमीटर उंच होतो. वाढीचे एक संप्रेरक तयार करणाऱ्या त्याच्या जनुकात दोष असल्याने त्याची पेरे आखूड राहतात. हा दोषच येथे गुण ठरला आहे. ‘टायनी टिम’ व ‘रेड रॉबिन’ हेही याच वर्गातील वाण होत. २०२२ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर टोमॅटो लागवडीचा प्रयोग हाती घेण्यात आला, तेव्हा ‘रेड रॉबिन’चीच निवड झाली होती.

पेरणी व निगा

दसऱ्याच्या सुमारास बी पेरल्यास संक्रांतीच्या आसपास पहिली फळे रंगू लागतात. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत व एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण करावे. निव्वळ काळी माती वापरू नये. ती पाणी धरून ठेवते व मुळे गुदमरतात. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावे. आठवडाभरात ते उगवते. रोपाला खरी पाने फुटली, की १५ ते २० सेंटिमीटर व्यासाच्या, तळाला छिद्रे असलेल्या कुंडीत एकेक रोप लावावे.

रोप उंच, बारीक व फिकट होऊ लागले, तर ते खताच्या नव्हे, उन्हाच्या अभावाचे लक्षण समजावे. ऊन अपुरे असल्यास एलईडी दिवा रोपाच्या वर वीतभर अंतरावर टांगून एकूण प्रकाश १४ ते १६ तासांपर्यंत वाढवावा. मात्र रात्रभर दिवा चालू ठेवू नये. टोमॅटोला अंधाराचीही आवश्यकता असते. अखंड प्रकाशात त्याची पाने पिवळी पडतात. कुंडी दर दोन दिवसांनी थोडी फिरवावी.

पाणी रोज ठराविक मापाने न देता मातीत बोट घालून पाहावे व वरचा थर कोरडा लागला तरच द्यावे. कधी कोरडेपणा, तर कधी चिखल अशी अवस्था झाल्यास फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि त्याचा तळ काळा पडतो. नाशिक, निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात कुंडी रात्री खिडकीपासून आत घ्यावी. तापमान १० अंशांच्या खाली गेल्यास फळधारणा होत नाही.

फुलांना धक्का हवा

फुले येतात, परंतु गळून पडतात, ही घरगुती लागवडीतील नेहमीची तक्रार आहे. टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. पण पराग झडण्यासाठी फूल हलावे लागते. शेतात हे काम वारा व काही जातींच्या माश्या करतात. बंद खोलीत ते आपणांस करावे लागते. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, हवा कोरडी असताना, फुलोऱ्याच्या देठाला बोटाने हलकेच टिचकी मारावी.

पानांखाली पांढरी माशी दिसल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारावे. तंबाखू मळलेले हात स्वच्छ धुतल्याखेरीज रोपाला लावू नयेत; तंबाखूवरील विषाणूजन्य रोग टोमॅटोलाही जडतो.

अपेक्षा किती ठेवावी

एका ठेंगण्या झाडापासून ओंजळ-दोन ओंजळी फळे मिळतात. त्यावर घराचा बाजार भागणार नाही, हे प्रारंभीच ध्यानात घ्यावे. मग हा खटाटोप कशासाठी? ऑगस्ट २०२१ मध्ये भाव कोसळल्यामुळे नाशिक परिसरातील शेतकऱ्यांनी आपले टोमॅटो रस्त्यावर ओतले. जुलै २०२३ मध्ये तोच टोमॅटो शहरांत किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. एका बातमीने शहरवासी क्षणभर हळहळले, दुसरीने संतापले. तीन महिने एकाच कुंडीचे ऊन, पाणी व फुलोरा सांभाळलेल्या कुटुंबाला मात्र या दोन्ही बातम्यांमागील माणूस दिसू लागतो. विशेषतः मुलांना ही ओळख लहानपणीच व्हावी. त्यासाठी एक कुंडी आणि दक्षिणेची एक खिडकी पुरेशी आहे.