सोनाराची अवजारं : टांगलेली मोटर

जयपूरच्या तिलक नगरातून मोती डुंगरी रोडने निघून सांगानेरी गेटातून आत शिरलं की जोहरी बाजार लागतो. त्याच्या आजूबाजूच्या गोपालजी का रास्ता, हल्दियों का रास्ता या गल्ल्यांत रत्नांचा आणि दागिन्यांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. इथल्या कुंदनकामात शुद्ध सोन्याची पातळ पट्टी हातानं दाबत रत्न बसवतात. तिथं मोटरला काम नाही. पण ओतीव अंगठी घासायची असेल, नख्यांच्या कोंदणात खडा बसवायचा असेल, तर बाकावर हुकाला टांगलेली मोटर लागतेच. आता तिलक नगरसारख्या राहत्या वस्तीतही घरच्या टेबलाशी ही मोटर घेऊन चांदीकाम शिकता येतं. आजचा भाग मुख्यतः अशा नव्या हातांसाठी.

रचना साधी आहे. मोटर वर, तिच्यातून रबरी नळी खाली आलेली, नळीच्या आत पोलादी तारांचा पीळ देऊन केलेला शाफ्ट, टोकाला पेनासारखा हँडपीस आणि वेग पायाखालच्या पेडलवर. घराणं दंतवैद्याचं. अमेरिकेतल्या मॉरिसन यांनी पायानं चालणाऱ्या दंतयंत्राचं पेटंट 1871 मध्ये घेतलं आणि पुढे लवचीक शाफ्टही त्याच दवाखान्यांत रुळला. सोनाराच्या बरची, म्हणजे हँडपीसमध्ये फिरणाऱ्या कापणाऱ्या टोकाची, दांडी आजही बहुधा 2.35 मिलिमीटर जाडीची असते, ती दंतवैद्याच्या सरळ हँडपीसच्या मापाचीच.

या यंत्राचा खरा धोका त्याच्या सोयीत आहे. वजन आणि घरघर वर हुकाला राहते, हाताला फक्त हलका हँडपीस लागतो. त्यामुळे आपण केवढी ताकद धरून बसलोय हे बोटांना कळतच नाही. हिशेब करून पाहा. 22 मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला 15,000 फेरे घेत असेल, तर तिची कड ताशी साठ किलोमीटरहून जास्त वेगानं पळते. तारेच्या ब्रशचे केस त्याच वेगानं सुटतात, म्हणून चष्मा आधी, पेडल नंतर. प्रत्येक चकतीला आणि ब्रशला वेगाची कमाल मर्यादा असते. मोटर 18,000 फेरे देते म्हणून ब्रशनंही ते सोसावेत असं नाही. दांडी हँडपीसच्या चकमध्ये, म्हणजे तिला पकडणाऱ्या जबड्यात, पुरेशी खोल बसवा. जास्त बाहेर राहिली तर वेगात ती वाकते आणि फटका मारते. चक आवळून झाला की चावी लगेच काढायची. ही सवय पहिल्या दिवसापासून हवी.

सगळ्यात वाईट अपघात साखळीचा. पॉलिश करताना मोकळी लोंबणारी साखळी बफच्या दांडीत अडकली, तर डोळ्याची पापणी लवायच्या आत ती गुंडाळली जाते आणि बोटालाही ओढून नेते. साखळी लाकडाच्या तुकड्यावर ताणून, दोन्ही टोकं पक्की करून थोडी थोडी पॉलिश करावी, आणि तीही हातानं केली तर उत्तम. ओढणी, पदर, मोकळे केस, गळ्यातलं मंगळसूत्र यांनाही हाच नियम. कापडी हातमोजे तर मुळीच नकोत. त्यांचा एक धागा पुरतो. दगड घासत असाल तर पाणी सोडत घासा आणि धुळीसाठी योग्य मास्क लावा. राजस्थानात खाणकामगारांच्या सिलिकोसिसपायी, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारापायी, सरकारला 2019 मध्ये वेगळं धोरण आणावं लागलं. अकीक किंवा स्फटिक घासताना उडणारी धूळ त्याच सिलिकाची असते.

आता निगा. नळी हातात धरून काम करताना एखादी जागा गरम लागली, तर तिथं ती फार वाकली आहे किंवा आतलं ग्रीस संपलंय. मोटर जरा उंच टांगा, म्हणजे नळीला मोठा, सैल बाक मिळेल. बर अडकला की पाय ताबडतोब उचला, नाहीतर थांबलेल्या टोकामागे शाफ्टला पीळ बसतो आणि नळी उसळते.

साधारण पन्नास तासांच्या कामानंतर शाफ्ट बाहेर काढावा. आधी प्लग काढा. हँडपीस उतरवा, मोटरजवळचा स्क्रू सैल करून नळी ओढा. काळं पडलेलं जुनं ग्रीस रॉकेलच्या फडक्यानं पुसा, पण झाळणीची ज्योत जवळपास नको. एखादी तार उसवलेली दिसली तर तो शाफ्ट बाद. मग बोटांवर जरासं ग्रीस घेऊन शाफ्टवर पातळ हात फिरवा. इथं पुष्कळांचा हात सैल सुटतो. जादा ग्रीस खाली उतरून हँडपीसमध्ये जातं, हँडपीस तापतो आणि मग दोष बेअरिंगला दिला जातो. सीलबंद बेअरिंगच्या हँडपीसमध्ये तेलही घालायचं नाही.

मोटरमधले कार्बन ब्रश झिजतात. ठिणग्या वाढल्या, वेग अडखळू लागला की ते तपासा आणि बदलताना जोडीनंच बदला. नवे ब्रश बसवल्यावर लगेच कामाला भिडू नका, मोटर थोडा वेळ मध्यम वेगानं मोकळी फिरवा. पुढच्या आठवड्यात बर आणि त्यांचे आकार पाहू.